सदाफुलीच्या पानांचा रस आणि व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन एकच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. 6 वर्षांच्या पुतणीला रक्ताचा कर्करोग झालाय, एएलएल. मुंबईत उपचार सुरू आहेत, पहिल्या महिन्यानंतरचा बोनमॅरोचा, म्हणजे अस्थिमज्जेचा, रिपोर्ट चांगला आला. पण अजून दोन वर्षांहून जास्त उपचार बाकी आहेत आणि प्रत्येक सुईनंतर पोरीचे हाल होतात: शौचाला होत नाही, जबडा दुखतो, पाय लटपटतात. तेवढ्यात आजींच्या मोबाइलवर संदेश आला की तिला देतात ते व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगाचं औषध सदाफुलीपासूनच बनतं. दारात सदाफुली फुललेली आहे. मग सुईऐवजी, निदान सुईच्या जोडीला, पानांचा रस दिला तर काय बिघडलं, असं आजी विचारतात. वहिनींनाही ते पटायला लागलंय आणि तुम्हाला उत्तर सुचत नाही.

मी कर्करोग रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. लहान मुलांच्या केमोथेरपीचे डोस तयार करणं हे माझं रोजचं काम, आणि व्हिन्क्रिस्टिन त्यात जवळजवळ रोज असतं. उत्तर आधी देते: रस देऊ नका. सुईऐवजी नको आणि जोडीलाही नको. पण एवढ्यावर आजींचं समाधान होणार नाही हे मला माहीत आहे. ‘डॉक्टर नको म्हणाले’ हे ऐकून घरातली मोठी माणसं गप्प बसतात, पण पटलेलं नसतं, आणि मग कुणाच्या नकळत चमचाभर रस पोटात जातो. म्हणून कारणं नीट सांगते. ती तुम्ही आजींना वाचून दाखवा.

आजींचं एक म्हणणं पूर्ण खरं आहे. व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतूनच येतं. त्यांना खोटं पाडायला जाऊ नका, तिथेच बोलणं तुटेल. अडचण त्याच्या पुढच्या पायरीवर आहे: झाडात औषध आहे म्हणजे झाड हेच औषध, ही पायरी.

हे औषध सापडलं कसं ते आधी पाहा, कारण आजींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या हकीकतीतच आहे. सदाफुली मूळची मादागास्करची. शोभेचं झाड म्हणून ती जगभर पसरली, आपल्याकडेही तशीच आली. त्यामुळे ‘हजारो वर्षांची भारतीय परंपरा’ असं त्या संदेशात लिहिलंय, ते या झाडाला लागू होत नाही. जमैकात लोक तिच्या पानांचा काढा मधुमेहावर पीत. आपल्याकडेही शुगरसाठी सकाळी पानं चावणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. 1952 मध्ये ही पानं कॅनडातल्या रॉबर्ट नोबल या संशोधकाकडे पोचली. त्यांनी अर्क उंदरांना पोटातून देऊन पाहिला. रक्तातली साखर काही हलली नाही. मग तोच अर्क इंजेक्शनने दिला. साखरेवर तेव्हाही परिणाम नव्हता, पण उंदीर काही दिवसांत जंतुसंसर्गाने मरू लागले. शोध घेतल्यावर दिसलं की त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या. पांढऱ्या पेशी पाडणारं काही असेल, तर जिथे याच पेशी बेसुमार वाढतात त्या आजारात ते वापरून पाहावं, असा विचार तिथून पुढे गेला. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी 1958 मध्ये त्यातलं शुद्ध द्रव्य जाहीर केलं, ते व्हिन्ब्लास्टिन. त्याच काळात अमेरिकेत एलाय लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा यांचा गट याच झाडावर काम करत होता. त्यांच्या कामातून व्हिन्क्रिस्टिन आलं आणि 1963 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

आता या हकीकतीत आजींना दोन गोष्टी दाखवा. पोटातून दिलेल्या अर्काने काही घडलं नाही, जे घडलं ते इंजेक्शननंतर. व्हिन्क्रिस्टिन आजही तोंडाने देत नाहीत, कारण आतड्यातून ते नीट आणि भरवशाने शोषलं जात नाही. पोटातून देता येण्यासारखं असतं तर 6 वर्षांच्या मुलीच्या शिरेत सुई घालायची हौस कुणालाच नाही. आणि दुसरी गोष्ट, ते उंदीर मेले ते जंतुसंसर्गाने. पांढऱ्या पेशी पडलेल्या शरीराला साधा संसर्गही झेपत नाही. तुमच्या पुतणीची स्थिती केमोच्या काळात नेमकी अशीच असते. याकडे पुढे पुन्हा येते.

मात्रेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझा सगळा जन्म मात्रेतच चाललाय. व्हिन्क्रिस्टिनची बाटली बोटाच्या पेराएवढी असते. आत 1 मिलिलिटर पाण्यासारखं स्वच्छ द्रव, त्यात 1 मिलिग्रॅम औषध. फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांवर ठेवायची. डोस काढताना मुलीची उंची आणि वजन घेऊन शरीराचं क्षेत्रफळ काढतात. 20 किलोच्या मुलीचं साधारण 0.8 चौरस मीटर भरतं. दर चौरस मीटरला 1.5 मिलिग्रॅम, म्हणजे तिचा डोस झाला 1.2 मिलिग्रॅम. कितीही धिप्पाड मुलगा असला तरी एका वेळी 2 मिलिग्रॅमच्या वर सहसा जात नाहीत. डोस भरण्याआधी मी यकृताचे रिपोर्ट पाहते, कारण हे औषध शरीराबाहेर टाकण्याचं काम यकृताचं आहे. बिलिरुबिन बरंच वाढलेलं असेल तर डोस निम्मा करतात, कधी पुढे ढकलतात. मिलिग्रॅमच्या दशांशावर आम्ही दोघं-दोघं सही करतो. इतकं जपायचं कारण असं की परिणाम करणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा या औषधात अगदी जवळजवळ आहेत.

आणि पानात किती असतं? 1 ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन काढायला वाळलेली पानं साधारण अर्धा टन लागतात. या हिशेबाने पोरीच्या एका डोसाएवढं औषध सुमारे 600 ग्रॅम वाळलेल्या पानांत येईल. ओली पानं धरली तर कित्येक किलो, आणि तेही कारखान्यात शेवटच्या कणापर्यंत काढता आलं तर. आजी दहा-बारा पानं वाटून चमचाभर रस काढणार. त्यात व्हिन्क्रिस्टिन असून नसल्यासारखं.

यावर आजी म्हणतील, मग अपाय तरी काय होणार? हा प्रश्न रास्त आहे आणि इथेच लोक फसतात. रसात व्हिन्क्रिस्टिन नगण्य असतं, पण रस म्हणजे पाणी नव्हे. सदाफुलीत शंभराहून अधिक अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी वनस्पतीतली द्रव्यं, आहेत. काही रक्तदाबावर काम करतात, काही नसांवर, काहींचं माणसाच्या शरीरात काय होतं ते कुणी नीट तपासलेलंही नाही. कोणत्या पानात काय आणि किती, हे झाडाचं वय, जमीन, ऋतू, पान कोवळं की जून यावर बदलतं. दोन रेणूंतल्या छोट्या फरकाने काय होतं ते पाहा. व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन जवळजवळ जुळे आहेत. एकाच्या एका कोपऱ्यात मिथाइल गट आहे, दुसऱ्याच्या त्याच जागी फॉर्माइल. सेहेचाळीस कार्बनच्या अवाढव्य रेणूत फरक एवढाच: व्हिन्क्रिस्टिनमध्ये दोन हायड्रोजन कमी, एक ऑक्सिजन जास्त. तरी व्हिन्ब्लास्टिनचा मुख्य त्रास अस्थिमज्जेला, पांढऱ्या पेशी पडतात. व्हिन्क्रिस्टिन मज्जेला बरंचसं सांभाळून घेतं, पण नसांना त्रास देतं. एका ऑक्सिजनने एवढं बदलत असेल तर शंभर अल्कलॉइडांची मोळी पोटात घालून ती कुठे काय करील, हे ना मी सांगू शकते ना तिचे डॉक्टर.

पोरीला होणारा त्रासही यातूनच समजेल. पेशी दुभंगताना आतली गुणसूत्रं दोन्हीकडे ओढून नेणारे बारीक तंतू असतात. व्हिन्क्रिस्टिन हे तंतू तयारच होऊ देत नाही, त्यामुळे पेशी दुभंगता दुभंगता अडकते आणि मरते. कर्करोगाच्या पेशी सतत दुभंगत असतात म्हणून त्या जास्त मरतात. पण असेच तंतू नसांच्या लांबलचक पेशींमध्ये एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला माल वाहून नेण्याचं काम करतात. ते बिघडले की पायाची पावलं नीट उचलली जात नाहीत, जबड्यात कळ येते, आतड्यांची हालचाल मंदावते. बहुतेक मुलांत हे उपचार संपल्यावर हळूहळू भरून येतं, पण चालताना पाऊल घासतंय, जिना चढता येत नाही, शर्टाची बटणं लावता येत नाहीत असं दिसलं तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. ते डोस कमी करू शकतात, फिजिओथेरपी सुरू करू शकतात. ‘केमोत असं होतंच’ म्हणून घरी सोसू नका. रस देण्यामागे आजींचा खरा हेतू पोरीचा त्रास कमी व्हावा हाच आहे ना? तो कमी करायची जागा ही आहे.

आता जंतुसंसर्गाकडे येते, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा धोका हाच. दारातल्या झाडाची पानं, त्यावर माती, पक्ष्यांची विष्ठा, बुरशीचे कण. ती वाटून कच्चा रस पाजला की हे सगळं पोटात. निरोगी माणूस ते पचवतो. पांढऱ्या पेशी पडलेल्या मुलीला त्यातून रक्तात जंतू जाण्याची भीती असते. कच्चं काय चालतं याबद्दल रुग्णालयारुग्णालयांत मतभेद आहेत. काही ठिकाणी स्वच्छ धुऊन सोललेली फळं देतात, काही ठिकाणी तीही नाही. तिचे डॉक्टर सांगतात ते पाळा. पण अंगणातल्या पाल्याचा कच्चा रस कुणीच चालवून घेणार नाही. बुरशीचा संसर्ग झाला तर आणखी एक पेच पडतो. त्यावरची व्होरिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, पोसाकोनॅझोल ही औषधं यकृतात व्हिन्क्रिस्टिनचा निचरा अडवतात. मग नेहमीचाच डोस शरीरात जास्त वेळ राहतो आणि नसांचा त्रास कैक पटींनी वाढू शकतो. पाय पूर्ण लुळे पडलेली, आतडी बंद पडलेली मुलं या जोडीमुळे जगभर नोंदली गेली आहेत. अशा वेळी डॉक्टरांना बुरशीवरचं औषध बदलावं लागतं किंवा व्हिन्क्रिस्टिन थांबवावं लागतं, म्हणजे कर्करोगावरचा उपचार मागे पडतो.

रस उकळला तर? काढा केला तर? जंतूंचा प्रश्न बराच सुटेल, यकृताचा नाही. पुढच्या टप्प्यात तिला रोज मर्कॅप्टोप्युरिन आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सुरू होतील. दोन्हींचा यकृतावर ताण येतोच, म्हणून वरचेवर एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी करतात. घरी काढा सुरू आहे हे डॉक्टरांना ठाऊक नसेल आणि एसजीपीटी फार वाढलं, तर त्यांना वाटणार गोळ्यांनीच वाढलं. ते गोळ्या कमी करणार किंवा थांबवणार. या टप्प्यातल्या गोळ्या चुकल्या तर काय होतं याची अमेरिकेत मोठी पाहणी झाली आहे. ज्या मुलांनी मर्कॅप्टोप्युरिनचे 95 टक्क्यांहून कमी डोस घेतले, त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त होतं. म्हणजे महिन्यात दोन गोळ्या चुकणंही थोडं नाही.

‘सुईऐवजी’ या पर्यायाबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळीने बोलायचं आहे. पहिल्या महिन्यानंतरचा रिपोर्ट स्वच्छ आला की घरच्यांना वाटतं, झालं, बरी झाली. स्टेरॉइड आणि व्हिन्क्रिस्टिन या दोनच औषधांनीही बहुतेक मुलांचा आजार महिन्याभरात दिसेनासा होतो, हे डॉक्टरांना साठीच्या दशकातच कळलं होतं. पण तेवढ्यावर थांबलं की बहुतेकांचा आजार काही महिन्यांत परत येई, कारण सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत अशा पेशी शरीरात उरलेल्या असतात. पुढची दोन वर्षं त्या न दिसणाऱ्या पेशींसाठी आहेत. साठीच्या दशकात हा आजार म्हणजे जवळजवळ मृत्यूच होता. आज प्रगत देशांत 10 पैकी साधारण 9 मुलं बरी होतात आणि आपल्याकडच्या मोठ्या केंद्रांतही बहुसंख्य मुलं बरी होतात. हा बदल कुठल्याही एका औषधाने झालेला नाही. अनेक औषधं, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या दिवशी, आणि पूर्ण. उलटून आलेला आजार आटोक्यात आणणं पहिल्यापेक्षा खूप अवघड असतं. मध्येच उपचार सोडून गेलेली मुलं काही महिन्यांनी परत येतात, तेव्हा आमच्या विभागात कुणालाही नीट जेवण जात नाही.

त्या संदेशात ‘संशोधनात सिद्ध’ असंही लिहिलंय, त्याबद्दल थोडं. प्रयोगशाळेत प्लास्टिकच्या ताटलीत कर्करोगाच्या पेशी वाढवतात आणि त्यावर एखाद्या पाल्याचा अर्क टाकतात. पेशी मेल्या की ‘कर्करोगविरोधी गुण आढळले’ असा निबंध छापून येतो. हळदीवर, तुळशीवर, कडुनिंबावर असे ढीगभर निबंध आहेत. खोटे नसतात ते, पण ती पहिली पायरी असते. ताटलीत अर्क थेट पेशीवर पडतो. शरीरात त्याला आतडं, यकृत, रक्त एवढं ओलांडून जावं लागतं आणि वाटेत निरोगी पेशींना वाचवावं लागतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1960 ते 1982 या काळात सुमारे 35,000 वनस्पती तपासल्या. त्यातून रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचलेली ठळक नावं दोन: टॅक्सॉल, आणि कॅम्प्टोथेसिनपासून बनवलेली औषधं. हे कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही आहे. सत्तरच्या दशकात ते रुग्णांना जवळजवळ जसंच्या तसं देऊन पाहिलं तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत बदल करून इरिनोटेकन आणि टोपोटेकन तयार झाली, तेव्हा कुठे नव्वदच्या दशकात ते उपयोगी पडलं. झाडात गुण असणं आणि त्या गुणाचं औषध होणं यांत एवढी वर्षं आणि एवढं काम असतं.

आतापर्यंतचं एकत्र करते, म्हणजे आजींना सांगायला सोपं जाईल. रसातून औषधाची मात्रा मिळत नाही. जे मिळतं ते मोजता येत नाही. कच्च्या रसातून संसर्गाची भीती, काढ्याने यकृताच्या रिपोर्टमध्ये गोंधळ. आणि सुई सोडली तर आजार उलटण्याची भीती.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. रस अजून दिलेला नसेल तर प्रश्नच मिटला. आधीच दिला असेल तर घाबरू नका आणि वहिनींना किंवा आजींना बोल लावू नका. किती पानं, कच्चा की उकळून, किती दिवस, शेवटचा कधी, एवढं कागदावर लिहा आणि पुढच्या सुईच्या आधी डॉक्टरांना द्या. ते ओरडतील म्हणून लपवू नका. आम्हाला हे कळलं तर यकृताची तपासणी आधी करून घेता येते. उलट्या, चक्कर, पोट फुगणं, खूप झोप येणं असं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जा. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला तर रात्र असो की सण, लगेच रुग्णालयात फोन करून निघा. स्वतःच्या मनाने पॅरासिटामॉल देऊन ताप दाबू नका, त्याने धोक्याची खूण लपते.

दारातली सदाफुली उपटायची गरज नाही. झाडाला हात लागल्याने काही होत नाही. पोरीने पानं-फुलं तोंडात घालू नयेत, एवढंच पाहा. आणि घरात कुणी शुगरसाठी तिची पानं चावत असेल तर त्यांनाही थांबायला सांगा, आपल्या मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलायला सांगा.

आजींना मात्र रिकाम्या हाती बसवू नका. नातीसाठी काही करावं ही त्यांची तळमळ खरी आहे आणि करण्यासारखं खूप आहे. दोन्ही वेळा ताजा, गरम वरणभात, मऊ खिचडी, शिजवलेल्या भाज्या. सकाळचं उरलेलं संध्याकाळी नको. पाणी उकळून गार केलेलं, आणि दिवसभरात थोडं थोडं भरपूर. सुईच्या आठवड्यात शौचाला कधी झालं याची नोंद ठेवायची. डॉक्टरांनी लॅक्टुलोजसारखं शौचाला साफ होण्याचं औषध लिहून दिलं असेल तर ते बद्धकोष्ठ होण्याआधीच, सुईच्या दिवसापासून द्यायचं का ते विचारून घ्या, त्याने बरीच मुलं त्रासातून वाचतात. एनिमा किंवा गुदद्वारातून कुठलंही औषध मात्र विचारल्याशिवाय द्यायचं नाही, तिथली नाजूक त्वचा खरचटली तरी संसर्ग होतो. जेवणाआधी सगळ्यांचे हात साबणाने धुतलेत ना, सर्दी-खोकल्याचा पाहुणा तिच्याजवळ बसत नाही ना, यावर आजींपेक्षा कडक पहारा कुणाचा असणार?

पुढच्या खेपेला आजींनाही रुग्णालयात घेऊन जा. व्हिन्क्रिस्टिनच्या पिशवीवर ‘फक्त शिरेतून द्या, अन्य मार्गाने दिल्यास प्राणघातक’ अशा अर्थाची चिठ्ठी असते, ती त्यांना दाखवायला नर्सला सांगा. मुलांना पाठीच्या मणक्यातूनही एक वेगळं औषध देतात. त्याच्या जागी चुकून व्हिन्क्रिस्टिन गेलं तर मूल जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये सांगितलं की ते सिरिंजऐवजी छोट्या सलाइनच्या पिशवीतून द्यावं. आमच्याकडे मणक्यातलं औषध सुरू असताना ही पिशवी त्या खोलीत येऊच देत नाहीत. सुई चालू असताना हात दुखला, जळजळलं, सुजला तर पोरीने लगेच सांगायचं, हे तिला आजींनीच शिकवावं, कारण शिरेबाहेर थोडं औषध गेलं तरी कातडी सडू शकते. तसं झालंच तर घरचा बर्फ लावू नका. या औषधाला शेक गरम लागतो आणि तो कधी, किती द्यायचा ते तिथली नर्स सांगेल.